पुसायचा आवाज

आमच्या गाण्यांच्या वेबसाईटच्या उद्घाटनाला मी चुकीचं बटण दाबलं. हॉल निम्मा भरला होता, म्हणजे आपल्या सोलापूरच्या मानाने फुल्लच. पहिल्या रांगेत अक्कलकोटकडच्या महादेवीबाई इरकल नेसून बसल्या होत्या. साईटवरचं पहिलं गाणं त्यांनी गायलेलं होतं आणि तेच आम्ही ऐकवणार होतो. मी माईकवरून जरा लांबलचक बोललो, ऐटीत लॅपटॉपकडे वळलो आणि दाबलं. स्पीकरमधून बाईंच्या ऐवजी एक पुरुष खाकरला. मग म्हणाला, "हं. बाई, पाणी प्या. इथं घाई करू नका. पुढची ओळ लांब आहे."

हॉल हसला. मी घामाघूम होऊन बटणं शोधत राहिलो, आणि तेवढ्यात तो माणूस गायला लागला. हसू हळूहळू विरलं. पहिलं कडवं संपेपर्यंत मागचे पोरगेही मोबाईल खाली ठेवून बसले होते. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. महादेवीबाई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आणि एकदम सगळं बंद पडलं. मागच्या भिंतीपाशी एक ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा माणूस हातात उपटलेली वायर धरून उभा होता. तो आवाज न चढवता म्हणाला, "सर, ते पुसायचं राहिलं बघा."

हे आमचे डमीमास्तर. जो आवाज ऐकून हॉल गप्प झाला तो त्यांचा होता, आणि तो पुसायचा राहिला याची लाज हॉलमध्ये फक्त त्यांनाच वाटत होती.

गाण्याच्या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. गाण्याची चाल बसते, पेटी-ढोलकी-बँजो सगळं वाजवून तयार होतं, पण गाणारी बाई अजून यायची असते. तिला चाल कळावी म्हणून कुणीतरी ते गाणं आधी गाऊन ठेवतं. त्याला डमी म्हणतात. बाई येते, कानाला हेडफोन लावते, डमी ऐकत ऐकत स्वतः गाते, आणि ती गेली की डमी पुसून टाकतात. मास्तर स्वतःच चाली बांधायचे, स्वतःच वाजवायचे आणि डमीही स्वतःच गायचे. उभ्या जिल्ह्यात लग्नाच्या मांडवांतून, जत्रांतून, रिक्षांतून त्यांची गाणी वाजली. त्यांचा आवाज मात्र कुठंच वाजला नाही. "माझा आवाज म्हणजे स्लॅबखालची सेंट्रिंगची फळी," ते म्हणायचे. "स्लॅब वाळला की काढायची. कुणी घरात ठेवतं होय?"

डमीमध्ये ते नुसते गात नसत, पुढं कधीतरी येणाऱ्या त्या अनोळखी बाईशी बोलत. कडव्याच्या आधी "हं, आता जरा हसा." अवघड जागेपाशी "ही चुकली तरी चालते, मी पण चुकलो होतो." आणि जिथं लांब ओळ असेल तिथं ते पाण्याचं वाक्य ठरलेलं. समोर भिंत असायची, पण ते मान तिरकी करून असं बोलायचे की आपणच दाराशी वळून बघावं, कोण आलंय.

मास्तरांचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, चहाच्या टपरीवर दख्खनी, आणि गाणं यांपैकी कशातही, वर कानडीतही. जिथं पूर्वी वडिलांचे माग होते त्या खोलीत त्यांनी स्टुडिओ केला होता. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना चादरी टांगलेल्या, सोलापुरीच, मोर आणि कमळं. पण शेजाऱ्यांचे माग चालूच होते आणि मागाच्या खडखडाटाला मोर आणि कमळं काय करणार? त्यामुळे मास्तरांचं रेकॉर्डिंग फक्त लाईट गेली की. गल्लीतले लोक लाईट गेल्यावर शिव्या घालायचे आणि मास्तर "चला चला" म्हणत इन्व्हर्टरकडे धावायचे. एकदा आठवडाभर लाईट गेलीच नाही, तर या माणसानं वीज मंडळाच्या ऑफिसात फोन करून विचारलं, "काही अडचण आहे का?"

माझा धंदा वेबसाईट बनवायचा. चादरी-टॉवेलच्या दुकानांच्या, क्लासेसच्या, एका मंगल कार्यालयाची. ती मंगल कार्यालयाची बघूनच मास्तर माझ्याकडे आले. "सर, गाणारे आता सोलापूरला यायला मागत न्हाईत," ते म्हणाले. "आणि का यावं? प्रत्येकाच्या हातात मोबाईल हाय. पण त्यांच्याकडं चाल न्हाई आणि माझ्याकडं चालींचा ढीग पडलाय. मला एक कट्टा बांधून द्या. मी त्यावर गाणं ठेवतो, वाजवलेलं आणि डमी. कुणी मोहोळची, कुणी जेऊरची, घरात बसून ऐकेल. आवडलं तर गाऊन पाठवेल. मग गाणं तिचं."

"आणि तुमचं नाव?"

"बारीक अक्षरात टाका की. चाल म्हणून."

मी उत्साहानं कामाला लागलो. मला उत्साह आला की गिऱ्हाईकानं घाबरावं, असं आमची बायको म्हणते. मी साईट उघडताच वाजणारी सुरावट घातली, "आपले स्वागत आहे" घातलं आणि मास्तरांवर एक आख्खं पान लिहिलं. त्यात "सुरांचे शिल्पकार" वगैरे होतं. मास्तरांनी ते चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं आणि म्हणाले, "साईट चांगली हाय, सर. पण बोलते लई." ते पान गेलं, सुरावट गेली, स्वागतही गेलं. राहिली गाणी. प्रत्येक गाण्यासमोर ऐकायचं एक बटण आणि रेकॉर्ड करून पाठवायचं एक.

आणि हॉलमध्ये तो प्रकार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर घरी आले. बायकोनं चहा ठेवला. मी माफीची तयारी करून बसलो होतो, पण ते रागावलेले नव्हते. त्यांनी मला एक हकिगत सांगितली.

कॅसेटचा जमाना होता. मोहोळकडची एक नवी नवरी, आवाज खणखणीत, लग्नाच्या गाण्यांच्या कॅसेटसाठी त्यांच्याकडे गायला आली. सासरच्यांनी कशीबशी परवानगी दिलेली. गाणी झाली, कॅसेट निघाली, गावात लाऊडस्पीकरवर लागली. एका गाण्यात एका ओळीपुरती डमी पुसायची राहून गेली होती. तिच्या आवाजाखाली, अगदी बारीक, पुरुषाचा आवाज. गावानं विचारलं, "तुमच्या सूनबाईसंगं हा बाप्या कोण गातोय?" दोन दिवस चेष्टा झाली, तिसऱ्या दिवशी ती चेष्टा राहिली नाही.

"मी गेलो सर समजावायला," मास्तर म्हणाले. "ओट्यावर बसवलं, चहा दिला. तिला काय बाहेर येऊ दिलं न्हाई. आत भांडी घासायचा आवाज येत होता. घासता घासता ताल धरत होती पोरगी. बरोबर होता ताल." त्यांनी कप खाली ठेवला. "त्यानंतर गायली न्हाई ती. मी न विचारता तिच्या घरात शिरलो बघा."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता.

मग त्यांनी मला साईटचा नियम सांगितला. बाईचं गाणं पसंत करून बटण दाबलं की डमी जागच्या जागी, आपोआप, कायमची गेली पाहिजे. डमी ऐकता यावी, उतरवून घेता येऊ नये. त्यांच्याकडे प्रत राहणार नाही, माझ्याकडेही नाही. माझ्या लॅपटॉपमधल्या प्रती त्यांनी माझ्या शेजारी बसून माझ्याकडून पुसून घेतल्या. ते गेल्यावर बायको म्हणाली, "एकही ठेवली नाहीत? तुम्ही दुधाच्या बिलाचासुद्धा फोटो काढून ठेवता."

साईट चालली. फार नाही, पण चालली. कुणी गॅसजवळ उभं राहून गायचं, मागे कुकरची शिट्टी. कुणी शेतातून, मागे मोटार. मी घरूनच काम करतो, त्यामुळे दिवसभर आमच्या घरात मास्तरांच्या डमी वाजत. बायको शाळेतून येऊन वह्या तपासता तपासता ऐकायची. तिला गाता येत नाही, हे ती स्वतः सांगते आणि मी ते खोडून काढत नाही. पण मास्तर डमीत "पाणी प्या" म्हणाले की ती खरंच तांब्याकडे हात न्यायची.

मास्तर ओठात तंबाखू धरत. चुना लावून, चोळून, झटकून, सगळं साग्रसंगीत. गायच्या आधी थुंकून चूळ भरत आणि गाणं झालं की पुन्हा. आवाज बसायला लागला तेव्हा ते म्हणाले, हवा बदलली. मग गिळताना दुखायला लागलं. मग डॉक्टरांनी त्यांना न सांगता बायकोला आत बोलावलं. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का बाहेर आल्या आणि मास्तरांशेजारी बाकावर बसून तेलुगूत एवढंच म्हणाल्या, की ऑपरेशन करून गळ्यातली आवाजाची पेटी काढणार आहेत. मास्तरांनी विचारलं, "कधी?" आणि तारीख कळल्यावर बोटांवर हिशेब केला. किती दिवस जगणार याचा नव्हे. किती चालींची डमी गायची राहिली आहे, याचा.

त्या दिवसांत ते रोज गायले. आता लाईट जायची वाट बघावी लागत नव्हती, कारण शेजाऱ्यांचे माग तोवर बंद पडले होते. शेवटचे काही माग तर भंगारवाल्यानं खोलून टेम्पोत भरून नेले. गल्ली गप्प झाली होती. स्टुडिओला हवी होती तशी गप्प. मास्तर मला म्हणाले, "जन्मभर मागितली ही शांतता, सर. आता मिळाली तर डोळ्याला डोळा लागंना."

त्यातूनच शेवटचं गाणं आलं. मागावर धोटा इकडून तिकडे पळतो, त्याच्या आवाजात विणकराची पोरं झोपतात. तो थांबला की दचकून जागी होतात. "धोटा थांबला ग बाई, आता झोप कशी यायची." चाल साधी, बाईच्या आवाजासाठी बांधलेली. त्याची डमी त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी गायली. आवाज फाटला होता, वरचा सूर लागतच नव्हता. तिथं ते थांबून म्हणाले, "इथं वर जायचंय. मला जमत न्हाई आता. तुम्ही जा." आणि पुढं गायले. मी काच साफ करत असल्याचं नाटक करत उभा होतो. त्या खोलीला काच नाही, हे नंतर लक्षात आलं.

ऑपरेशननंतर मास्तर पाटीवर लिहीत. शाळेची खरी पाटी, नातवाची. पण माझ्याशी पाटी फारशी लागायची नाही. एखादीनं पाठवलेलं गाणं मी लावायचो. गळ्याला पट्टी बांधलेले मास्तर डोळे मिटून ऐकायचे. पसंत नसेल तर मूठ मिटायची, म्हणजे परत गायला सांगा. पसंत असेल तर तळहात टेबलावर ठेवून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सावकाश फिरवायचे, सांडलेलं पाणी पुसावं तसा. म्हणजे तिचं चढवा, माझं पुसा. मी बटण दाबायचो, आणि जगात कुठंच दुसरी प्रत नसलेला एक आवाज जायचा. हे काम करताना माझा हात जड व्हायचा. त्यांचा कधी झाला नाही. उलट ज्या दिवशी दोन गाण्यांना बाया मिळाल्या, त्या दिवशी त्यांनी मला भजी मागवायला लावली. स्वतः खाऊ शकत नव्हते, मी कसा खातो ते बघत बसले.

एके दिवशी अक्का आमच्या घरी आल्या. मास्तरांना न सांगता. "सर, एक ठेवा की," त्या म्हणाल्या. "एकच. गाणं नसलं तरी चालतंय. पहिलं ते खाकरतात आणि 'हं' म्हणतात, तेवढं ठेवा." घरात त्यांचा दुसरा आवाजच नव्हता. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, त्यात सगळीकडे बँड वाजत होता. आणि बँडची चाल मास्तरांचीच.

बायको लगेच म्हणाली, "मी मोबाईल धरते समोर. दोन मिनिटांचं काम."  अक्कांनी मान हलवली. "नको. चोरून आणलेला आवाज घरात कसा लावू? तुम्ही विचारा त्यांना. मी विचारलं तर ते रडतील."

मी विचारलं. मास्तरांनी पाटीवर लिहिलं, "नको." मी म्हटलं, मास्तर, अक्कांसाठी. त्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि परत लिहिलं, यावेळी सावकाश. "बाई आली की पुसा. नाही आली तर राहू दे." पाटी माझ्यासमोर धरून ठेवली, मी होय म्हणेपर्यंत.

तेव्हापासून एका घरात दोन नवस चालू झाले. मास्तरांना प्रत्येक गाण्याला गाणारी मिळायला हवी होती. अक्कांना एका तरी गाण्याला मिळू नये असं वाटत होतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. मी गेलो की अक्का दारातच विचारायच्या, "कुणी आली?" मी "आली" म्हटलं की "बरं झालं" म्हणून आत जायच्या. गाणी एकेक करून गेली. देवीची गेली, हळदीची गेली, कानडी भजनं तर भराभर गेली. धोट्याचं मात्र कुणी घेईना. लोकांना नाचायला हवं असतं, त्यावर कोण नाचणार? बायका ऐकायच्या, पुढं जायच्या. शेवटी साईटवर फक्त ती एक डमी राहिली, आणि मास्तरांचा आवाज तेवढाच उरला. एका दुपारी ते गेले. गेले तेव्हा पाटी उशाशी होती, कोरी.

दिवसकार्य झालं. साईट मी चालूच ठेवली. अक्का रोज संध्याकाळी नातवाकडून ती डमी लावून घेत. बायकोसुद्धा वह्या घेऊन बसली की म्हणायची, "लावा ना मास्तरांना." मी लावायचो. ते खाकरायचे. आणि मला, सांगायला हरकत नाही, वाटायला लागलं होतं की कुणी न येवो.

उन्हाळा लागता लागता एक बाई आली. श्रीपूरची, साखर कारखान्याच्या वसाहतीतली. मोबाईलवर गायलेलं गाणं, आणि सोबत बोलून पाठवलेला निरोप. "सर, आमच्या हितं हंगाम संपला की कारखान्याचा आवाज थांबतो. पयल्या दिवशी वसाहतीत कुणालाच झोप न्हाय. ल्हान पोरंबी उठून बसत्यात. म्हणून मी हे गाणं घेतलं. काय चुकलं आसंल तर सांगा, परत गाते." गाण्यामागे काहीही वाजत नव्हतं. कुकर नाही, मोटार नाही. हंगाम संपला होता. मास्तरांना न जमलेल्या जागी ती वर गेली आणि तिथं जरा थांबली.

मी चुकीचं बटण दाबणारा माणूस. हे बटण मी एकट्यानं दाबणार नव्हतो. लॅपटॉप घेऊन अक्कांकडे गेलो. त्या दारातच म्हणाल्या, "कुणी आली?"

स्टुडिओत बसलो. चादरी अजून टांगलेल्याच होत्या. अक्कांनी मास्तरांचे मोठे हेडफोन कानाला लावून बाईचं गाणं ऐकलं, डोळे उघडे ठेवून. संपल्यावर म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. मूठ मिटावी असं काय न्हाई." मग म्हणाल्या, "त्यांचं एकदा लावा. हेडफोन नको. खोलीत लावा."

मी लावलं. मास्तर खाकरले. "हं. बाई." फाटका आवाज त्या मोरांवर आणि कमळांवर जाऊन विरत होता. पाण्याचं वाक्य झालं. "मला जमत न्हाई आता. तुम्ही जा," झालं. गाणं संपल्यावरही शेवटी जरा वेळ त्यांचा श्वास ऐकू येतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अक्कांना ते आधीपासून माहीत असावं, कारण तो संपेपर्यंत त्या थांबल्या.

"गेलं की कळतं का?" त्यांनी विचारलं.

"काही आवाज होत नाही," मी म्हटलं. "गाण्यासमोरचं नाव बदलतं फक्त."

त्यांनी तळहात टेबलावर ठेवला आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सावकाश फिरवला. मी दाबलं.

घरी आलो आणि बायकोनं ओळखलं. माझ्या तोंडावरून कळलं असेल, किंवा लॅपटॉप मी नेहमीसारखा उघडून न ठेवता पिशवीतच ठेवला, त्यावरून. तिनं ताट वाढलं. मी खाली मान घालून भाकरीचे तुकडे आमटीत बुडवून भराभर गिळत सुटलो. बोलायची वेळ येऊ नये म्हणून माणूस जेवतो तसा. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ठसक्याचंच आहे असं दाखवायला मी आणखी एक घास कोंबला.

तिनं तांब्या माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "पाणी प्या. इथं घाई करू नका. पुढची ओळ लांब आहे."